तनूची खांदेमळणी

चार दिवसांसाठी मी दोन बॅगा नेल्या होत्या. एकीत कपडे होते आणि दुसरीत माझं शहाणपण. शहाणपण म्हणजे चित्रांची कार्डं, आवाज अडवणारे हेडफोन, अंगावर दाब देणारं एक जड जाकीट आणि पालकांना वाटायची छापील पत्रकं. परत आले तेव्हा पहिल्या बॅगेत हुलग्याच्या पिठाची दोन किलोची पिशवी वाढली होती. दुसरी बॅग जवळजवळ जशीच्या तशी परत आली आणि ती अजून माझ्या पलंगाखाली आहे.

मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांबरोबर काम करते. या मुलांना आवाज, गर्दी, उजेड, अचानक झालेला बदल हे सगळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतं. सोसवेनासं झालं की मूल कोसळतं. किंचाळतं, डोकं आपटतं, स्वतःलाच चावतं. आम्ही त्याला मेल्टडाऊन म्हणतो. बघणाऱ्याला तो हट्ट वाटतो, पण हट्टी मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे बघत असतं. मेल्टडाऊनमधल्या मुलाला त्या वेळी आई दिसतही नाही.

उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या कर्जतला एका शिबिरात मंगल भेटली होती. जामखेड तालुक्यातली, नऊ वर्षांच्या तनूची आई. तनू मोजकेच शब्द बोलते. श्रावण संपत आला तसा मंगलचा फोन आला.

"म्याडम, दसरा झाला की आमी ऊसतोडीला जानार. मागल्या साली तनूला संगं नेली, तर पहाटं ट्रॅक्टरचा आवाज झाला अन् पोरगी उसात पळाली. दोन तास घावली न्हाई. औंदा तिला घरी ठिवायची हाय, आत्यापाशी. पन तिचं डोकं फिरलं की माझ्याबिगर कुनाला आवरत न्हाई. तुमी या अन् आत्याला शिकवा."

माझ्याकडे नाही म्हणायची शंभर कारणं होती. पण ते दोन तास माझ्या डोक्यातून जाईनात, म्हणून मी गेले.

नगर ते जामखेड

पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टरच्या तोंडात मात्र नगरच. नगरहून जामखेडची एसटी निघाली की चिचोंडी पाटीलपर्यंत डोळ्यांना हिरवं दिसतं, मग हळूहळू जमीन उघडी पडत जाते. मध्ये कडा आणि आष्टीपुरता बीड जिल्हा लागतो आणि त्यातून बाहेर पडलं की पुन्हा नगर जिल्हा. मी ज्या नगर जिल्ह्याला ओळखत होते तो श्रीरामपूर-बेलापूरकडचा होता. तिकडे पाटाचं पाणी आणि ऊस. इकडचे लोक तोच ऊस तोडायला सहा महिने घर सोडून जातात. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं मी पहिल्यांदाच बघत होते.

जामखेडला उतरले तर कपड्यांची बॅग एसटीतच राहिली. माझा स्वभाव असा आहे की अशा वेळी मी आधी चिडते आणि मग विचार करते. मी चिडून होईपर्यंत मंगलचा नवरा बाळू मोटारसायकलवर गाडीमागे धावला आणि डेपोच्या फाटकातून बॅग घेऊन आला. पुढचा अर्धा तास त्याच मोटारसायकलवर मी दोन बॅगा आणि माझं पन्नाशीचं वजन घेऊन बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उडीद काढणीला आला होता आणि लांबवर बालाघाटाचे डोंगर बसक्या रांगेत दिसत होते. इतकं मोठं आकाश मी फार दिवसांनी बघत होते.

गावाचं नाव लिहीत नाही. तनू मोठी होऊन हे वाचेल, तर तिला विचारल्याशिवाय तिचा पत्ता देणं मला बरं वाटत नाही.

चहा पिऊन होतोय तोच हातपंपाकडून किंकाळी आली. कुणीतरी हातपंपाखाली पत्र्याची बादली जोरात आदळली होती आणि तनू जमिनीवर पडून डोकं आपटत होती. मी धावले, पण माझ्या आधी गाव धावलं होतं. एकाने बुक्कीने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, दुसरा पायातली चप्पल हुंगवत होता, एक म्हातारी भैरोबाचा अंगारा लावायला कपाळ शोधत होती. सगळे एका सुरात "तने, तने" म्हणून तिला हाका मारत होते. फीट आली की जे करतात ते सगळं हे लोक करत होते आणि ते इतक्या मायेने करत होते की रागवायचं तरी कुणावर. तनू प्रत्येक हाकेसरशी आणखी कोसळत होती.

मंगल गर्दी फोडून आत शिरली. पोरीला तिने दोन्ही हातांनी उचललं आणि गोठ्यामागे कडब्याच्या गंजीआड नेलं. पाऊण तासाने दोघी बाहेर आल्या. मंगलच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या. तिने पदराने हात झाकला आणि मला विचारलं, "म्याडम, हुलग्याचे शेंगोळे खाता का?"

आमच्या सोसायटीत असं मूल ओरडलं की पटापट खिडक्या बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागतो. इथे सगळी दारं उघडतात. दोन्हीचा त्रास पोरालाच. तरी आमच्या बंद खिडक्यांपेक्षा मला हातपंपावरची ती गर्दी बरी वाटली, हे कबूल करते.

देवळातली सभा

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात मी सभा घेतली. माणसं मनापासून आली. मी लाल, पिवळी, हिरवी कार्डं दाखवली. मेंदूचं चित्र दाखवलं. गर्दी करू नका, बोलू नका, हात धरू नका, डोळ्यांत बघू नका, वाट बघा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"समजलं का?"

"व्हय."

मग मागून एकाने शांतपणे विचारलं, "म्याडम, पन मग कांदा कवा लावायचा?"

मी कार्डं खाली ठेवली. वीस मिनिटं आणखी बोलले आणि जितकी बोलले तितके ते अवघडत गेले. शेवटी खांबाला टेकून बसलेली तनूची आत्या उठली. कौसाबाई तिचं नाव. नवरा गेल्यापासून भावाकडे राहते, शेळ्या राखते आणि एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल.

"आरं, पोरगी बुजती," ती म्हणाली. "बैल बुजल्यावर काय करता? त्येच करायचंय."

आणि मग जे झालं ते मी माझ्या इतक्या वर्षांच्या कामात पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला सगळं येत होतं. बुजलेल्या बैलाच्या समोर जायचं न्हाई, एक म्हणाला. कासरा वढायचा न्हाई, दुसरा म्हणाला. वरडायचं न्हाई, त्याच्या डोळ्यात बघायचं न्हाई. बाया म्हणाल्या, लेकरं बाजूला घ्यायची. त्याच्या सवयीचं एकच मानूस त्याच्या खांद्यापाशी हुबं ऱ्हातं, बाकीच्यांनी पाठ करून खाली बसायचं, म्हंजी त्याला वाटतं आता कुनी अंगावर येत न्हाई. माझ्या पत्रकातले सगळे मुद्दे होते, वर दोन मला माहीत नसलेले.

तरी मी फणकारले. म्हटलं, पोरीची बैलाशी बरोबरी नका करू, ती माणूस आहे.

गावात नवे बैल शिकवणारे नाना म्हणून एक आजोबा आहेत. ते पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्याडम, बैल बुजला तर आमी त्याला येडा म्हनत न्हाई. कशाला बुजला ती वस्तू हुडकतो अन् बाजूला करतो. ह्या पोरीला मातर आमी नऊ वर्सं येडी म्हनलो."

मंगल बायकांमध्ये बसली होती. तिने मान खाली घातली. त्या दिवशी मी सभा तिथेच संपवली. निघताना नाना म्हणाले की परवा पोळा आहे, हलगी मारुतीपाशीच थांबवू, तनूच्या आळीत बैल नुसते चालत आणू.

पोळ्याची आदली संध्याकाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे कडक झालेले असतात. ते ऊन पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी लावून मळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मी वाचून होते, पाहिलं नव्हतं.

बाळूचे दोन बैल, हरण्या आणि पाखऱ्या. बाळू हरण्याच्या मानेवर दोन्ही तळहातांनी पूर्ण वजन टाकून मळत होता आणि ते एवढालं जनावर डोळे मिटून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभं होतं. हरण्याचं झालं, पाखऱ्याचं झालं. आणि मग तनू आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती पाखऱ्याच्या शेजारी रांगेत उभी राहिली, बापाकडे पाठ केली आणि मान खाली घातली.

बाळूने माझ्याकडे बघितलंही नाही. हात पुसले आणि तिचे खांदे मळायला लागला. बैलाचे मळत होता तसेच, हळू आणि जड हाताने. तनूचे खांदे कानांपासून खाली आले. दातांत घट्ट धरलेली फ्रॉकची बाही सुटली.

"हे कधीपासून करता?"

"दर पोळ्याला. तिला आवडतं," तो म्हणाला. "एरवी आसं तिची आई रोज करती, त्या गंजीमागं."

पाठीवर आणि खांद्यावर खोल, एकसारखा दाब दिला की या मुलांचं शरीर शांत होतं. माझं जड जाकीट त्यासाठीच होतं. या घरात कुणी कधी ते शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांच्या हातात होतं. मी हळदीच्या वासात तिथे उभी होते आणि मला या लोकांचं खरंच नवल वाटत होतं. थोडी लाजही वाटत होती.

मी कौसाआत्याला म्हटलं, तुम्ही करा आता. आत्याने हात गरम पाण्यात बुडवून पुढे केले. तनू झटक्यात वळली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. पुन्हा एकदा करून बघितलं, पुन्हा तेच.

"माझे हात खरबरीत हायती," आत्या हसून म्हणाली आणि शेळ्यांकडे गेली. ती बराच वेळ परत आली नाही.

रात्रीच्या भाकरी थापताना मंगल माझ्याशी हळू आवाजात बोलली.

"म्याडम, एक सांगू का? तिनं वन्संकडं पाठ केली न्हाई, तवा मला बरं वाटलं. आसं वाटाया नगं, पन वाटलं."

मी म्हटलं, वाटणारच.

"पन मंग मी जानार कशी?"

आम्ही एवढंच ठरवलं की मी इथे आहे तोवर एकदा तरी मंगलने मध्ये पडायचं नाही. उद्या काही झालंच तर ती घरात थांबेल, आत्या बाहेर बसेल. पोरीला इजा होतेय असं वाटलं तर मी हाक मारेन. मंगल "बरं" म्हणाली आणि भाकरी उलटायला विसरली.

पोळा

सकाळपासून ओढ्यावर बैल धुणं चाललं होतं. शिंगांना रंग, त्यावर बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर आरशांच्या झुली. घराघरातून पुरण शिजल्याचा वास. बाळूने हरण्याच्या झुलीवर तनूच्या आवडीचं निळं कापड लावलं होतं आणि ती सकाळभर त्यावरून बोट फिरवत बसली होती.

गावाने शब्द पाळला. हलगी मारुतीपाशी थांबली. फटाके नाहीत, भोंगा नाही. वीसेक जोड्या बैल तनूच्या आळीत शिरले ते नुसत्या घुंगरांच्या आवाजात, आणि तो आवाज तिला चालतो. ती आत्याबरोबर ओट्यापाशी उभी होती, चवड्यांवर उड्या मारत होती, म्हणजे खुशीत होती. मी मनातल्या मनात नानांना नमस्कार केला.

सगळ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त फुगे सोडून. हल्ली बैलांच्या शिंगांना फुगे बांधायची टूम निघाली आहे. बांधले तर बांधले, पण आळीच्या मध्यावर बाभळीची फांदी खाली आलेली, आणि जोड्या तिच्याखालूनच निघालेल्या.

पहिला फुगा पाखऱ्याच्याच शिंगावरचा फुटला. मग लगेच दुसरा. पाखऱ्या उसळला आणि बाळू त्याच्या मानेला बिलगला. त्याच क्षणी तनू जमिनीवर पडली. ती किंकाळी मला आत्ता लिहितानाही ऐकू येते.

मी पाहिलं तर चार-सहा माणसं सवयीने पुढे निघाली होती. एका बाईच्या हातात कांदाही होता, कुठून आला देव जाणे. नानांनी नुसता हात वर केला.

आणि ती सगळी आळी वळली. माणसं, बाया, पोरं, एकेक जण तनूकडे पाठ करून जिथे होता तिथे खाली बसला. नव्या धोतरात, नव्या लुगड्यात, धुळीत. कासरे हातात धरून गडी बैलांच्या पायांशी बसले. रडायला लागलेलं एक तान्हं त्याच्या आईने आत नेलं. बैल उभेच्या उभे राहिले. रंगीत शिंगांची ती दुतर्फा रांग, मध्ये धुळीत एक पोर, आणि तिच्याकडे बघणारं कुणी नाही. मी मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या संस्था पाहिल्यात. एका पोरीसाठी दोनशे माणसांना एकदम गप्प होताना मी पाहिलं नव्हतं.

कौसाआत्या तनूच्या समोर गेली नाही. बाजूने गेली. जवळच्या हरण्याच्या पाठीवरची झूल ओढून तिने आरसे आत आणि निळं कापड वर अशी घडी केली, आपटणाऱ्या डोक्याखाली सरकवली आणि हातभर अंतरावर खांद्याच्या बाजूला बसून राहिली. बोलली नाही, हात लावला नाही. तनू ओरडत होती, पाय झाडत होती. माझं लक्ष घराच्या दाराकडे होतं. दार बोटभर उघडं होतं आणि फटीत मंगलचा हिरवा पदर दिसत होता. तो पदर हलत होता, पण दार उघडलं नाही.

घड्याळाने वीस मिनिटं झाली असतील. कुणीही मागे वळून बघितलं नाही. एकेका म्हाताऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या असतील, तरी कुणी उठलं नाही. किंकाळ्यांचं रडणं झालं, रडण्याचे हुंदके झाले. तनू निळ्या कापडावर गाल ठेवून पडून राहिली. मग उठून बसली. धुळीने माखलेली, नाक वाहतंय. तिने दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग ती बसल्या बसल्या सरकली, आत्यापाशी आली, तिच्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली.

आत्याने आपले खरबरीत हात आधी मांडीवर घासले, मग तनूच्या खांद्यांवर ठेवले आणि मळायला लागली. हळू आणि जड हाताने.

हे बघणारी मी एकटी होते. मी आणि ती दाराची फट. बाकीच्यांना काही दिसत नव्हतं. शेवटी एका बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली, आणि तनू त्यावर बुजली नाही. तेवढ्यावरून नाना समजले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि मग एकेक जोडी सावकाश पुढे निघाली. जाताना कुणीतरी उरलेले फुगे एकेक करून सोडवले आणि हातात धरून लांब नेले.

मी घरात गेले. मला वाटलं होतं मंगल हसत असेल, मी तर जवळजवळ नाचतच शिरले. ती चुलीपुढे बसली होती. तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती आणि ती उलथन्याने ती खरवडत होती.

"केली ना पाठ, वन्संकडं?"

"केली."

"मी बघितलं," ती म्हणाली. "आता मला जाता यील."

एवढं बोलून तिने उलथनं खाली ठेवलं. चार दिवसांत, दातांच्या खुणा झाकतानासुद्धा, मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती रडायला लागली आणि तिला थांबता येईना. माझ्याकडे अशा वेळी बोलायची वाक्यं आहेत. वीस वर्षं मी ती आयांना सांगत आले आहे. एक ओठांवर आलंही होतं, ते मी गिळलं. तवा चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला, दार लोटलं आणि तिच्या खांद्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून खाली बसले.